निर्माता म्हणतो, आयडियाला किंमत शून्य, शुक्रवारी पानं हवीत. पटतं का तुम्हाला?

अर्धवट_संवाद

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचतेय इथे, धागा पहिल्यांदा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी एका डेली सोपवर दीड वर्ष असिस्टंट रायटर आहे. म्हणजे कथा एकाची, स्क्रीनप्ले दुसऱ्याचा, डायलॉग तिसऱ्याचे, आणि "अहो या बाईचा मोबाइल तीन भागांपूर्वी फुटलाय, आता ती फोटो कशाने काढतेय" हे ओरडून सांगणारी मी.

गेल्या आठवड्यात एका निर्मात्याचं बोलणं ऐकायला गेले होते. टीव्ही आणि सिनेमा दोन्ही केलेला माणूस, पंचवीसेक वर्षं धंद्यात, नाव नाही घेत, गरजही नाही. बोलतो मात्र झकास. वहीत तीन वाक्यं उतरवून आणली आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. पहिलं, "प्रेरणेची वाट बघणारा मला नको, शुक्रवारी पानं देणारा हवा." दुसरं, "आयडिया सगळ्यांकडेच असते, तिची किंमत शून्य, शेवटाला नेणारा हवा." तिसरं, "यश म्हणजे पुढचं काम मिळणं, बाकी ट्रॉफ्या धूळ खातात." आणि मग जाता जाता, जरा छाती फुगवूनच, की पहिली आठ वर्षं मी एकही सुट्टी घेतली नाही. यावर अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

घरी येताना मात्र कसंतरीच वाटायला लागलं. पहिलं वाक्य मला पटलं, मी स्वतः पानं टाकतेच की वेळेत. दुसरं टोचलं, कारण मागच्या वर्षी मी एका ट्रॅकची चार पानी कल्पना लिहून दिली होती, तेव्हा "कल्पना काय गं, कुणालाही सुचते" असं म्हणून ती बाजूला ठेवली आणि सहा महिन्यांनी बरंचसं तसंच काहीतरी वनलाइनमध्ये, म्हणजे पुढच्या भागांच्या थोडक्यातल्या आराखड्यात आलं. चोरी झाली असं म्हणत नाहीये, तेवढा पुरावा नाही माझ्याकडे, आणि एकसारखं दोघांना सुचतंही. पण टोचलं. तिसऱ्याचं आणि त्या सुट्टीचं काय करायचं तेच कळेना.

तर प्रश्न असा की जे लोक आत आहेत त्यांनी सांगा, खरंच असंच असतं का? की वर पोचल्यावर सगळे असंच बोलतात?

बँक_संपली

ताई, मी ईपी म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर आहे, १४ वर्षं डेली करतोय, आयडीवरून कळलंच असेल. पहिल्या वाक्यावर सही करायला तयार आहे. आठवड्याला ६ भाग जातात, प्रत्येकात २२ मिनिटांच्या आसपास मजकूर. तयार भागांची बँक, म्हणजे शूट करून ठेवलेला साठा, दोनवर आली की ईपीला रात्री झोप लागत नाही, तिथे प्रेरणेची वाट कोण बघतो. अमेरिकेत सॅटरडे नाइट लाइव्ह हा शनिवारी रात्रीचा थेट विनोदी कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे, तिचे निर्माते लॉर्न मायकल्स म्हणतात की कार्यक्रम तयार झाला म्हणून सुरू होत नाही, साडेअकरा वाजले म्हणून सुरू होतो. आम्ही हे रोज जगतो.

पण तुम्हाला एक प्रसंग सांगतो, त्यातून बाकीचं बघा. बाबांची भूमिका करणारे नट रात्री ॲडमिट झाले. बँकेत दोन भाग. सकाळच्या पहिल्याच सीनला बापलेकीचं भांडण, सहा पानं, आणि पुढचा सगळा आठवडा त्या भांडणावर उभा. चॅनेलला कळवलं तर ते म्हणाले तुमचं तुम्ही बघा. निर्माते सातला सेटवर आले, कुणाशी काही बोलले नाहीत, दिवाणखान्याच्या सेटवर दोन चकरा मारल्या, बाबांच्या खुर्चीत जाऊन बसले, उठले आणि म्हणाले, "बाबा घरात आहेत. आतल्या खोलीत आहेत, दार लावून घेतलंय. मुलगी दाराशी बोलेल, ते उत्तर देणार नाहीत." बस. सहा पानांची दीड पानं झाली. डायलॉग रायटर फोनवर, मी हाताने लिहितोय, मुलगी मेकअपला बसल्या बसल्या पाठ करतेय.

रिहर्सल चालू असताना लाइटवाल्या दादांनी वरून विचारलं, "साहेब, दाराखालच्या फटीतून आतला उजेड दिसतोय, मुलगी बोलायची थांबली की तो बंद करू का?"

निर्मात्यांनी वळून बघितलं, म्हणाले कर. दोन सेकंदसुद्धा लागली नसतील. तो सीन लोकांच्या अजून लक्षात आहे, बाबा न दिसताच बाबांनी उत्तर दिलं ना.

आता आयडिया कुणाची? लाइटवाल्याची. आणि तरी मी म्हणेन की निर्मात्याचं काम काय असतं ते मला त्या "कर" मध्ये कळलं. दुसरा कुणी असता तर "तू तुझं काम बघ" म्हणाला असता किंवा चॅनेलला विचारू म्हणून दुपार घालवली असती.

तिसरा_ड्राफ्ट

सुंदर किस्सा. एकच विचारतो, लाइटवाल्याला नाव मिळालं का हो?

बँक_संपली

नाही. पुढच्या सीनचा लाइट लावायला गेले ते.

तिसरा_ड्राफ्ट

तेच म्हणतोय मी. "आयडियाला किंमत नाही" हे वाक्य नेहमी कोण म्हणतं ते बघा. ज्याच्या खिशात आयडिया आहे तो कधीच म्हणत नाही, ज्याला ती फुकटात हवीय तो म्हणतो. मी लेखक आहे, सिनेमे दोन झाले, न झालेले विचारू नका, त्यामुळे माझा राग थोडा वजा करून वाचा.

अर्धवट_संवाद, कायद्याने बघितलंत तर निर्माता चुकीचं बोलत नाहीये हे दुर्दैव. कॉपीराइट कल्पनेला मिळतच नाही, मांडणीला मिळतो. हे जगभर असंच आहे, ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय करारात कलम ९ मध्ये सरळ लिहिलंय. म्हणजे "सासूच खरी आई निघते" यावर कुणाचाच हक्क नाही, पण तुम्ही तेच पात्रांसकट, प्रसंगांसकट, संवादांसकट ४० पानं लिहिलंत तर त्या पानांवर तुमचा हक्क आहे. चार पानांवर भांडणं अवघड असतं, चाळीसवर सोपं. त्यामुळे तोंडी नॅरेशन देऊन यायचं नाही. आधी लिहायचं, लेखक संघटनेकडे नोंदवायचं, मग मेल करायचं आणि मेलमध्ये तारखेसकट लिहायचं की आज भेटीत अमुक गोष्ट ऐकवली, सोबत प्रत जोडली आहे. पहिल्यांदा लाज वाटते, समोरच्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं. दुसऱ्यांदा नाही वाटत.

आणि "शेवटाला नेणारा हवा" म्हणतात ना, मग स्क्विड गेम या कोरियन मालिकेचं बघा. ह्वांग डोंग-ह्युक यांनी ती गोष्ट २००८-०९ मध्येच सिनेमा म्हणून लिहून ठेवली होती, पैसे घालणाऱ्यांना ती फार विचित्र आणि हिंसक वाटली, दहा वर्षं कुणी हात लावला नाही. २०२१ मध्ये आली तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. आयडिया तीच होती की. त्या दहा वर्षांत ती शेवटाला नेणारा एकच माणूस होता, स्वतः लेखक, आणि "नाही" म्हणणारे सगळे शुक्रवारी पानं मागणारेच होते. पुढे पहिल्या सीझनचे नऊच्या नऊ भाग त्यांनीच लिहिले, त्यांनीच दिग्दर्शित केले आणि त्या ताणात सहा दात गेले असं त्यांनी स्वतः सांगितलंय.

उनाड_टप्पू

सहा दात गेले तरी पुढचा सीझन केलाच. याला म्हणतात पुढचं काम मिळणं.

कटपॉइंट

मी एडिटर. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, जमेल तसा लिहिते.

तुमच्या वहीतल्या तिन्ही वाक्यांत एक गोष्ट नाहीये, ती म्हणजे काढून टाकणं. मी ज्या चांगल्या निर्मात्यांबरोबर बसले त्यांची खरी अक्कल मला एडिट टेबलवर दिसली, सेटवर फारशी नाही. सेटवर सगळेच घाईत असतात, जोरात बोलणारा हुशार वाटतो. एक जण होते, रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट आलं की पहिल्यांदा आवाज बंद करून बघायचे. पूर्ण. मला आधी वाटलं नाटक आहे. पण आवाज बंद केला की कळतं, चांगले डायलॉग आणि पार्श्वसंगीत मिळून किती पोकळ जागा झाकतायत ते. हातात पेन्सिल असायची आणि जिथे कंटाळा आला तिथे कागदावर फक्त टाइमकोड, म्हणजे कितव्या मिनिट-सेकंदाला ते, लिहायचे. काय करा ते कधी लिहिलं नाही, कुठे कंटाळा आला तेवढंच. मग आवाज चालू करून पुन्हा बघायचे आणि त्यातले निम्मे टाइमकोड स्वतःच खोडायचे.

याच्या उलट दुसरे एक, प्रत्येक कटला उपाय सांगणारे. इथे क्लोज घाल, इथे ढॅण घाल, इथे तिचा मामा आण. मामा शूटच केलेला नाहीये साहेब.

पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओत ब्रेनट्रस्ट म्हणून पद्धत आहे, मंडळी बसतात, अर्धवट सिनेमा बघतात, तोंडावर स्पष्ट बोलतात, पण दिग्दर्शकाने ते ऐकलंच पाहिजे अशी सक्ती नाही. मला हा भाग फार आवडतो. त्यांच्या टॉय स्टोरीचं १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये डिस्नेला जे काही तयार झालं होतं ते दाखवलं तेव्हा इतकं वाईट होतं की काम थांबवलं गेलं, वूडी हा मुख्य बाहुला म्हणजे नुसता खडूस, टोमणे मारणारा झाला होता, आणि तसा तो झाला कारण वरून येणारी प्रत्येक सूचना ऐकत गेले, अजून धार आण, अजून धार आण. मग परत लिहिला आणि १९९५ मध्ये आला तो आपण बघितला तो. तेव्हा कुणी म्हटलं असतं की शुक्रवार आला, पानं द्या, तर तोच खडूस बाहुला लोकांसमोर गेला असता.

डेलीत थांबता येत नाही हे मान्य, बँक_संपली. पण सिनेमावाल्याने डेलीची भाषा बोलली की मला राग येतो. त्याच्याकडे थांबायची सोय असते आणि तो ती वापरत नाही.

बाय द वे तो दाराखालचा उजेड बंद झाल्यावर शॉट किती सेकंद धरला होता? उत्सुकता.

बँक_संपली

पाच. चॅनेलने तीन करा सांगितलं होतं, काळं दिसतंय म्हणून. एडिटरने ऐकलं नाही. निर्माते म्हणाले मला काही दिसलं नाही, मी बघितलंच नाही.

कटपॉइंट

बघा. हे "मी बघितलंच नाही" आहे ना, याच्यासाठी निर्मात्याला पैसे द्यावेत.

कॉलशीट

सुट्टीवर कुणीच बोलेना म्हणून मी बोलतो. लाइन प्रोड्यूसर आहे, कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला हे रोज माझ्या कागदावर असतं.

आठ वर्षं सुट्टी नाही घेतली ही बढाई आहे आणि अर्धीच गोष्ट आहे. मालक सुट्टी घेत नाही तेव्हा त्याच्या हाताखालचे चाळीस जणही घेत नाहीत, त्यांना कुणी स्टेजवर बोलवत नाही आणि फायद्यातही त्यांचा वाटा नसतो. शिवाय त्याला गाडी सोडायला येते. असिस्टंट पहाटे स्वतः बाइक चालवत घरी जातो.

१९९७ मध्ये अमेरिकेत एका चित्रपटाचा असिस्टंट कॅमेरामन १९ तास काम करून निघाला आणि गाडी चालवताना झोप लागून गेला. त्यानंतर तिथल्या लोकांनी सह्या गोळा केल्या, मागणी काय तर दिवसाला १४ तासांपेक्षा जास्त काम नको. विचार करा, चौदा ही मागणी होती. छायाचित्रकार हॅस्केल वेक्सलर यांनी पुढे २००६ मध्ये यावर डॉक्युमेंटरी केली. प्रत्येक नव्या प्रोडक्शन असिस्टंटला मी ही गोष्ट सांगतो आणि पंधरा दिवसांनी आम्हीच त्याला सलग दोन शिफ्ट लावतो, म्हणजे मी काही साव नाही.

माझा अनुभव असा की तेराव्या तासानंतर सेटवर क्रिएटिव्ह काही होत नाही. माझ्याकडे रिपोर्ट असतात त्यावरून सांगतोय. शेवटच्या दोन तासांत रीटेक वाढतात, कंटिन्युइटी सुटते (तुमच्या त्या बाईचा मोबाइल), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास त्याच चुका निस्तरण्यात जातो. हिशोब काढला तर ओढून नेलेला सीन स्वस्त पडतच नाही. पण हिशोब कोण काढतो, पॅकअप रात्री एकला झालं की सगळ्यांना पराक्रम केल्यासारखं वाटतं.

आणि कुणाचं मन वळवून हे बदलत नाही, कागदावर आलं की बदलतं. २०२३ मध्ये अमेरिकन लेखकांनी १४८ दिवस संप केला, तेव्हा कुठे एका मालिकेवर कमीत कमी किती लेखक ठेवायचे हे करारात आलं. तोपर्यंत तिथेही सगळे निर्माते "आमचं कुटुंब आहे" म्हणतच होते.

पडदा_वर

यशाबद्दल माझे दोन शब्द. मी आधी चॅनेलमध्ये होतो, तुम्ही सगळे ज्यांना शिव्या घालता त्या बाजूला, त्यामुळे आकडे बघण्यात उमेदीची वर्षं गेली.

"यश म्हणजे पुढचं काम मिळणं" हे प्रामाणिक वाक्य आहे, पण ते काम देणारा कोण ते त्यात येत नाही. चिअर्स नावाची अमेरिकन कॉमेडी १९८२ मध्ये सुरू झाली तेव्हा रेटिंगच्या यादीत जवळजवळ तळाला होती. आज असती तर सहा आठवड्यांत गुंडाळली असती. चॅनेलने ठेवली, तर ती १९९३ पर्यंत ११ सीझन चालली. लिहिणारे तेच, नट बरेचसे तेच, निर्माते तेच. मग पहिल्या वर्षी ते अपयशी होते आणि नंतर मेहनती झाले का? कुणीतरी थांबलं, एवढाच फरक.

उलटंही घ्या. स्टार ट्रेकचा पहिला पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग, एनबीसी चॅनेलने नाकारला आणि दुसरा बनवायला सांगितला, असं क्वचितच होतं. अभिनेत्री ल्युसील बॉलच्या डेसिलू स्टुडिओने तो केला. मालिका १९६६ ला आली, तीन सीझन, ७९ भाग, १९६९ ला बंद. त्या दिवशी विचारलं असतं तर सगळे म्हणाले असते पडली. नंतर लोकल स्टेशनांवर पुनःप्रक्षेपण सुरू झालं आणि तिचं जे काही झालं ते त्या ७९ भागांनंतर. तोपर्यंत डेसिलू विकलाही गेला होता, म्हणजे ज्यांनी धोका पत्करला त्यांच्या हाती पीक लागलंच नाही.

म्हणून स्टेजवरच्या माणसाने "मी असं केलं म्हणून यशस्वी झालो" म्हटलं की मी टाळ्या वाजवतो आणि मनात म्हणतो, तुझ्यासारखंच सगळं करणारे आणि सुट्टी न घेणारे दहा जण आज कुठे आहेत ते मला माहितीये, मीच त्यांच्या मालिका बंद केल्यात.

तिसरा_ड्राफ्ट

चॅनेलवाल्याकडून हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. माझी एक तुम्हीच बंद केली असणार.

पडदा_वर

शक्य आहे. आकडे खरंच वाईट होते.

अर्धवट_संवाद

बापरे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं.

आता खरं काय ते सांगते, आधी सांगायला हवं होतं. त्या भाषणानंतर मी त्यांना जाऊन भेटले, एक प्रश्न विचारला, त्यांना आवडला बहुतेक, आणि परवा त्यांच्या ऑफिसमधून फोन आला. नवीन मालिका सुरू होतेय, क्रिएटिव्ह टीममध्ये याल का म्हणून. म्हणून तर भुंगा. म्हणजे मला तात्त्विक चर्चा नको होती, मला जायचं की नाही ते ठरवायचं होतं आणि विचारायची हिंमत नव्हती.

बँक_संपली

अहो मग हे आधी बोलायचं ना! भाषणातली वाक्यं सोडा हो, भाषणात सगळेच असं बोलतात, मी पण कॉलेजात गेलो की असंच ठोकतो. जायच्या आधी तीन गोष्टी विचारा. टेलिकास्टच्या आधी किती भागांची बँक करणार. वनलाइन लॉक कोण करतं, एकच माणूस की चार जण. आणि तुमच्या हाताखालच्या कुणी काही सुचवलं तर ते कुणाच्या कानावर जातं. तिसऱ्याचं उत्तर गोड येईल, त्यावर विश्वास ठेवू नका, त्यांच्या जुन्या युनिटमधल्या एखाद्या स्पॉटदादाला विचारा.

कॉलशीट

आणि आठवड्याची सुट्टी करारात आहे का ते. तोंडी नको. क्रेडिट काय लिहिणार तेही.

कटपॉइंट

रफ कट बघायला बसू देणार का विचारा. बसू देत असतील तर बाकी थोडं कमी असलं तरी जा. वर्षभरात जेवढं शिकाल तेवढं कुठल्या कोर्समध्ये नाही शिकणार.

अर्धवट_संवाद

विचारलं! आज जाऊन आले. पोटात गोळा आला होता पण वहीत लिहून नेलं होतं तेच वाचून दाखवलं. ते हसले, म्हणाले एवढे प्रश्न चॅनेलने पण विचारले नाहीत. क्रेडिट लिहून देतायत. रफ कटला बसायचं म्हटल्यावर चक्क खूश झाले, म्हणाले बस की, फक्त बोलायचं नाही पहिले तीन महिने. सुट्टीवर मात्र विषय बदलला, "तशी वेळच येत नाही, बघू", मी पुन्हा विचारलं तर महिन्याला दोन लिहून द्यायला तयार झाले.

वनलाइन ते स्वतः लॉक करतात, एकटे.

बँक चार भागांची.

कॉलशीट

चार?? रोजची मालिका आणि चार?

बँक_संपली

पहिल्या आठवड्यातच खलास. जा तुम्ही, माणूस कामाचा वाटतोय. दात सांभाळा.